फिल्मचा ताण आणि जॉबरचं पोर

गेल्या खेपेला मी लेन्सवरच्या बुरशीबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी फिल्म सरकण्याची. कुणाची पुढं जात नाही, कुणाची एकावर एक चढते, कुणाची तुटते. बरंच झालं. बुरशीपेक्षा हे दुखणं माझ्या जास्त ओळखीचं आहे.

प्रश्न : अण्णा, मामांकडून मला पेंटॅक्स के-1000 मिळाला. फिल्म पुढं ओढायचा लीव्हर जड चालायचा म्हणून मी त्याच्या बुडाशी शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडले. लीव्हर छान मऊ झाला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत 36 चा रोल काढला. पहिले वीस-एकवीस फोटो उत्तम, त्यापुढं मात्र फ्रेम एकमेकींवर चढल्यात. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आकाशपाळणा घुसलाय. कॅमेरा गेला का? — एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : कॅमेरा कुठं जातोय. हे मॉडेल 1976 ते 1997 एवढी वर्षं निघत होतं ते काही उगाच नाही. गेलंय ते तुमचं तेल, आणि तेही नको तिथं.

शिलाई मशीनचं तेल शिलाई मशीनला घालावं, एवढंच बोलून मी राग गिळतो. कारण विशीत असताना मी स्वतः एका बॉक्स कॅमेऱ्याला खोबरेल घातलं होतं. डिसेंबरात ते आतल्या आत थिजलं आणि कॅमेरा उन्हात ठेवल्याशिवाय चालेना.

आता तुमच्या रोलमध्ये काय झालं ते सांगतो. त्यासाठी जरा मागावर जावं लागेल. माझे वडील साखर पेठेत यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग लावून देणारे, दुरुस्त करणारे. शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन जायचं आणि ते जेवेपर्यंत माग बघत उभं राहायचं, हेच माझं तांत्रिक शिक्षण. मागाच्या पाठीमागं बीम असतो, त्यावर ताण्याचं सूत. पुढं कापड गुंडाळणारा रूळ. आणि या दोहोंच्या मध्ये एक खरखरीत रूळ असतो, एमरी रोलर. कापड किती पुढं सरकायचं ते फक्त एमरी ठरवतो, चक्रांच्या दात्यांच्या हिशेबानं. गुंडाळणारा रूळ मोजत नाही, आलेलं कापड नुसतं घट्ट ओढून घेतो. त्याला मोजायला लावलं तर घोटाळाच होईल, कारण कापड चढेल तसा तो लठ्ठ होत जातो आणि एका फेऱ्यात जास्त कापड मागू लागतो. म्हणून त्याला घसरायची मुभा दिलेली असते.

तुमच्या कॅमेऱ्यात हाच माग आहे, खिशात मावेल एवढा. कॅसेट म्हणजे बीम. मधलं दातेरी चाक म्हणजे एमरी. उजवीकडचं रीळ म्हणजे कापडाचा रूळ. फ्रेम 36 मिलिमीटर रुंद, दोन फ्रेममधली फट 2 मिलिमीटर, एकूण 38. फिल्मच्या कडेची भोकं 4.75 मिलिमीटरच्या अंतरानं असतात, म्हणजे 8 भोकं झाली की बरोबर 38. बहुतेक कॅमेऱ्यांत त्या चाकाला 8 दाते असतात, एका फोटोला एक फेरा. मोजणी इथं होते आणि इथंच संपते. उजवीकडचं रीळ ओढतं आणि जास्तीचं झालं की घसरतं. घसरायसाठी त्याच्या पोटात एक क्लच असतो, दाबून बसवलेला, कोरडाच हवा किंवा नावापुरतं ग्रीस.

तुम्ही लीव्हरच्या बुडाशी सोडलेलं तेल दांड्यावरून खाली उतरलं आणि या क्लचपर्यंत पोचलं. त्याची पकड ढिली पडली. सुरुवातीला रीळ बारीक असतं, तेव्हा एवढीशी पकडही फिल्म ओढायला पुरते. जसजशी फिल्म चढते तसं रीळ जाड होतं. क्लचचा जोर तेवढाच, पण तो आता लांबच्या कडेवरून ओढतोय, त्यामुळं फिल्मवरचा ताण कमी होतो. विहिरीच्या रहाटाची ज्यांना सवय आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. विसाव्या फोटोच्या आसपास तुमच्या फिल्मला ओढ उरली नाही, ती दातेरी चाकावर सैल पडली, दात्यांवरून उचलली गेली आणि चाक एखादा दाता रिकामंच फिरू लागलं. फिल्म 38 ऐवजी 33 सरकली, कधी 28 च. पाळणा मिरवणुकीत घुसला तो असा.

माझ्या शब्दावर जाऊ नका, निगेटिव्ह बघा. खिडकीच्या उजेडात धरा आणि प्रत्येक फ्रेमची डावी कड वरच्या भोकांच्या संदर्भात कुठं पडते ते पाहा. चांगल्या फ्रेमची कड समजा भोकाच्या मधोमध येत असेल, आणि चढलेल्या फ्रेमचीही कड दुसऱ्या एखाद्या भोकाच्या मधोमधच येत असेल, तर चूक पूर्ण दात्यांची आहे, म्हणजे फिल्म दात्यांवरून निसटलेली आहे. पण कड कधी भोकावर, कधी दोन भोकांमधल्या दांड्यावर, अशी कुठंही पडत असेल तर दातेरी चाक दर वेळी ठरल्या जागी थांबतच नाही. मग दोष चाकाला रोखणाऱ्या कुत्र्यात. सायकलवाले फ्रीव्हीलमधल्या ज्या खिट्टीला कुत्रा म्हणतात, तोच. त्याचं तोंड झिजलं किंवा स्प्रिंग मरगळली की चाक थोडं मागं येतं. ते दुरुस्त करणं जिकिरीचं. तुमचं दुखणं तेवढं मोठं नसावं.

काहीजण म्हणतील तळाचं रिवाइंडचं, म्हणजे फिल्म परत कॅसेटमध्ये गुंडाळताना दाबायचं, बटण आत अडकलं असेल. ते अडकलं की दातेरी चाक मोकळं होतं आणि मोजणी राहतच नाही, पण मग पहिल्या फोटोपासून गोंधळ होतो. तुमचे पहिले वीस फोटो नीट आलेत, म्हणजे बटण निर्दोष.

उपाय म्हणजे रीळ काढून क्लच व्हाइट पेट्रोलनं धुणं, वाळवणं, परत बसवणं. घरी करू नका. क्लचची स्प्रिंग उडाली की ती थेट पलंगाखाली जाते, माझ्या घरात अशा तीन आहेत. तोवर कॅमेरा वापरायचाच असेल तर 24 चे रोल घाला. रीळ फार जाड व्हायच्या आत रोल संपतो, बिघडलेच तर शेवटचे तीन-चार फोटो बिघडतील.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगला आहे. पहिलाच रोल धुवून आला तो कोरा. लॅबवाला म्हणतो तुमची चूक, मित्र म्हणतात लॅबची चूक. कुणाचं खरं? — पार्क चौक, सोलापूर

उत्तर : फिल्मच्या कडेला बारीक अक्षरात कंपनीचं नाव आणि आकडे उमटलेत का पाहा. उमटले असतील तर धुण्यात खोट नाही, लॅबवाल्याला सोडा. मग उरतात दोनच गोष्टी : एक तर शटर उघडलं नाही, नाहीतर फिल्म पुढं सरकलीच नाही. आता आठवा, रोल संपल्यावर रिवाइंड करताना हाताला ओढ किती वेळ लागली? पुष्कळ फेरे ओढ लागून मग एकदम सैल झालं असेल तर फिल्म गेली होती आणि दोष शटरचा, किंवा लेन्सवरच्या टोपीचा. हसू नका, टोपीचा असतो. दोन फेऱ्यांतच सैल झालं असेल तर फिल्मची जीभ उजव्या रिळाच्या खाचेतून पहिल्याच ओढीला निसटली होती.

तुमचंही तेच झालं असणार, कारण माझंही झालं होतं. 1986 च्या उन्हाळ्यात मंगळवेढ्याला एका लग्नाची ऑर्डर होती. काउंटर 36 वर गेला, 37, 38 झाला, मी खूश. त्या काळी रोलमध्ये दोन-तीन फोटो जास्त निघाले की तो आपला नफा. 40 झाला. 41 झाला आणि माझ्या पोटात गोळा आला. काउंटर लीव्हरच्या खेपा मोजतो हो, फिल्म नाही मोजत. रिवाइंडची कळ फिरवली तर ती अर्ध्या फेऱ्यात मोकळी. अक्षता पडून गेलेल्या, पंगत बसलेली, आणि माझ्याकडं लग्नाचा एकही फोटो नाही. मी नवरदेवाच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं. ते काही बोलले नाहीत, तांब्याभर पाणी आणून दिलं मला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या अंगणात पोरांना पुन्हा मुंडावळ्या बांधून उभं केलं. भटजी गावाला गेलेले, मंगलाष्टका नवरीच्या आत्यानं म्हटल्या आणि निम्म्यात विसरल्या. त्या अल्बमात सगळे इतके मनापासून हसतायत की पुढं त्याच घरातली आणखी दोन लग्नं मला मिळाली.

तेव्हापासून माझी सवय अशी. फिल्मची जीभ खाचेत घातली की झाकण उघडंच ठेवून एकदा लीव्हर मारायचा, दोन्ही कडांची भोकं दात्यांत बसलेली डोळ्यांनी पाहायची, मग झाकण लावायचं. रिवाइंडची कळ बाणाच्या दिशेनं हळू फिरवून फिल्मचा सैलपणा काढायचा, ती अडली की थांबायचं. पुढच्या प्रत्येक लीव्हरला डावीकडची ती कळ उलटी फिरताना दिसली पाहिजे. दिसली नाही, तर फोटो काढू नका. कुणी मंत्री समोर उभा असला तरी.

प्रश्न : 34 व्या फोटोला लीव्हर अडला. आणखी एक निघेल म्हणून जोर लावला तर टक्कन आवाज झाला. आता रिवाइंड नुसतं गरगरतं. — तुळजापूरहून एक वाचक

उत्तर : फिल्म कॅसेटच्या गाभ्यातून उपटली गेली. झाकण उघडू नका. रात्री, खिडकी नसलेल्या खोलीत, मोबाईल बाहेर ठेवून कॅमेरा उघडा. दिवसा गोधडीत शिरून करतात काहीजण, पण सोलापुरी चादर दुहेरी-तिहेरी केली तरी दुपारचा उजेड झिरपतोच. अंधारात उजवीकडच्या रिळावरची फिल्म कडेनं धरून सोडवा, सैल गुंडाळी करा आणि फिल्मच्या काळ्या डबीत टाकून झाकण लावा. डबीवर चिकटपट्टी आणि कागद : ‘आत नुसती फिल्म आहे, कॅसेट नाही, अंधारातच उघडा.’ लॅबवाल्याला तोंडी सांगून भागत नाही. डबी दुसऱ्याच माणसाच्या हातात जाते.

मग फिल्मचे तुकडे राहिलेत का ते दातेरी चाकाभोवती बघा. भोकाचा एक कण दात्यात अडकला तरी पुढचा रोल फाडतो.

प्रश्न : आईचा आगफा क्लिक-3 सापडला. 120 चा रोल घातला. बाहेर काढला तेव्हा गुंडाळी सैल होती आणि सगळ्या फोटोंच्या कडा धुरकट आल्या. मधे एका फोटोवर गोल तांबूस ठिपकाही आहे. — बार्शीहून एक वाचक

उत्तर : ताई, हा कॅमेरा बडोद्यात तयार व्हायचा आणि एके काळी घरोघरी असायचा, तेव्हा आईंचे हात त्यावर तुमच्यापेक्षा सराईत असणार. त्यांनाच विचारा, रोल बाहेर काढताना सावलीत काढायचा आणि अंगठ्यानं आवळायचा, हे त्या सांगतील.

इथं दातेरी चाक वगैरे काही नाही. 120 ची फिल्म 1901 पासून आहे तशीच आहे, पाठीला काळा कागद आणि कागदावर आकडे. भोकं नाहीत, मोजणी तुमच्या डोळ्यानं. गुंडाळी सैल येते कारण भरलेल्या बाजूच्या रिळाला दाबणारी पत्र्याची पट्टी इतक्या वर्षांत मऊ पडलेली असते. मागच्या बीमला ब्रेक नसला की कापड झोळ खातं, तसंच. ती पट्टी बोटानं किंचित आत वाकवा, किंचितच, जुना पत्रा कडकन मोडतो. धीर होत नसेल तर जुन्या रोलच्या काळ्या कागदाची चार पदरी घडी करून पट्टीखाली सरकवा. मी तर तेच करतो.

ठिपका आलाय तो पाठीमागच्या तांबड्या खिडकीतून. पूर्वीच्या फिल्मना तांबडा उजेड दिसायचा नाही, म्हणून खिडकी तांबडी. आताच्या 400 स्पीडच्या फिल्मला सगळंच दिसतं. खिडकीवर काळी इन्सुलेशन टेप लावा, फिल्म पुढं घेताना सावलीत जाऊन तेवढ्यापुरती उचला. आकड्यांच्या तीन ओळी असतात, तुमची 12 पर्यंत जाणारी, मधली.

प्रश्न : कोडॅकच्या जुन्या बॉक्स कॅमेऱ्यात 120 चा रोल बसतच नाही. कडा कानसानं घासू का? — अक्कलकोट

उत्तर : कॅमेऱ्याच्या नावापाशी 620 लिहिलंय का बघा. कोडॅकनं 1931 मध्ये काढलेला हा आकार, 1995 मध्ये बंद केला. फिल्म आणि कागद 120 चाच, फक्त रिळाचा दांडा आणि चकत्या बारीक. तेव्हा घासत बसण्यापेक्षा अंधारात 120 ची फिल्म जुन्या 620 च्या रिळावर गुंडाळून घ्या. आधी एका वाया गेलेल्या रोलवर उजेडात दहा वेळा सराव करा. कागदाला फिल्म एकाच टोकाला चिकटवलेली असते आणि गुंडाळताना तिथं फुगवटा येतो. ती टेप सोडवून पुन्हा लावायची. अशी लोखंडी रिळं आता नवी मिळत नाहीत, म्हणून लॅबला बजावून सांगा की रीळ परत हवं.

प्रश्न : मिनोल्टा एक्स-700. लीव्हर हलत नाही, बटणही दाबलं जात नाही. — पंढरपूरहून एक स्टुडिओवाले

उत्तर : सेल बदलले का? एलआर-44 चे दोन. या कॅमेऱ्याचं शटर विजेवर सुटतं. सेल संपला की ते सुटत नाही, आणि सुटल्याशिवाय लीव्हर पुढचा फेरा देत नाही. लोक यालाच यंत्र अडकलं म्हणतात. नवे सेल घालूनही तसंच राहिलं तर कपॅसिटर गेलाय, या मॉडेलचं ते ठरलेलं दुखणं. डाग देता येणाऱ्या कुणाही हुशार रेडिओ मेकॅनिककडून होतं. लीव्हरवर जोर मात्र नको.

प्रश्न : उन्हाळ्यात काढलेल्या निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक काळ्या रेघा आल्यात. प्रिंटवर त्या पांढऱ्या दिसतात. कॅमेरा फिल्म ओरखडतोय का? — मंगळवार पेठ, सोलापूर

उत्तर : नाही. ओरखडा सरळ जातो, फांद्या फोडत नाही. ही वीज आहे. आपल्याकडं मार्चपासून हवा इतकी कोरडी होते की टेरिकॉटचा शर्ट काढताना तडतडतो. तसंच फिल्म झपकन ओढली की ती दाबपट्टीवर घासून ठिणगी पडते, आणि ठिणगी म्हणजे फिल्मला उजेडच. लीव्हर सावकाश मारा, रिवाइंड त्याहून सावकाश. मागावरही या दिवसांत सूत तुटायचं, वडील खाली फरशीवर पाणी मारायला लावायचे. कॅमेऱ्यात पाणी मारू नका, एवढं लिहितो, कारण मागं एकानं विचारलं होतं.

प्रश्न : अण्णा, तुम्ही आता दुकान ठेवलं नाही असं कळलं. कॅमेरा कुरिअरनं पाठवला तर बघाल का? — करमाळा

उत्तर : दुकान नाही, टेबल आहे. बघीन. पण दोन अटी. लीव्हर जिथं अडकलाय तिथंच राहू द्या. सोडवायचा प्रयत्न करून पाठवलेल्या कॅमेऱ्यात मूळ दोष कोणता आणि तुमचा कोणता हे शोधण्यातच माझा दिवस जातो. आणि लीव्हर चालत असेल, फक्त फ्रेम चढत असतील, तर नुसता कॅमेरा नको. एक वाया गेलेला रोल उजेडात, झाकण उघडं ठेवून भरा. प्रत्येक लीव्हरनंतर फोटोच्या चौकटीच्या डाव्या कडेला फिल्मवर स्केचपेननं रेघ ओढा, रोल संपेपर्यंत. ती फिल्म गुंडाळून कॅमेऱ्याबरोबर खोक्यात टाका. दोन रेघांमध्ये 8 भोकं कुठवर येतात आणि कितव्या रेघेपासून चुकतात ते मोजलं की कॅमेरा उघडायच्या आधीच मला अर्धं काम कळतं. खोक्यात थर्माकोलचा भुगा घालू नका, जुनं टॉवेल गुंडाळा. टॉवेल परत पाठवीन.